विरल मृदांची षट्कोणी संयुगे : संज्ञा आणि वस्तू

वलगावच्या शिवारात ‘मृदा’ म्हटले की कापशीची काळी जमीन डोळ्यांपुढे येते. रसायनशास्त्रातील ‘विरल मृदा’ ही संज्ञा मात्र शेतजमिनीविषयी नाही. सहजी न वितळणाऱ्या धातुभस्मांना युरोपातील जुने रसायनज्ञ मृदा म्हणत. आणि ही मूलद्रव्ये भूकवचात तितकीशी विरलही नाहीत. ‘लोहविद्युत्’ या संज्ञेची तीच गत. तिच्यात लोहाची आवश्यकता नाही. लोहचुंबकाच्या वर्तनाशी असलेल्या साम्यावरून ते नाव पडले.

1963 साली ग्रेनोब्ल येथे बेर्तो व त्यांचे सहकारी यांनी इट्रियम आणि तत्सम मूलद्रव्यांची मँगॅनीजयुक्त षट्कोणी ऑक्साइडे लोहविद्युत् असल्याचे दाखविले. (बेर्तो हे नावही मूळचे नव्हे; जन्माने लेवी असलेल्या या ज्यू संशोधकास ते महायुद्धकाळात मिळाले.) इट्रियमच्या संयुगात विद्युत्-ध्रुवण सुमारे 1250 केल्व्हिनखाली, तर चुंबकीय क्रम सुमारे 70 केल्व्हिनखाली प्रस्थापित होतो. इतके अंतर असलेल्या दोन गुणांचा परस्परसंबंध आहे काय, हा प्रश्न पुढे जवळजवळ चाळीस वर्षे रेंगाळला.

यातील मँगॅनीजचे अणू त्रिकोणी जाळ्यात बसलेले असतात. प्रत्येकाचा कल शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करण्याकडे. पण दोघांचे जमले की तिसऱ्याने कोणीकडे वळावे? अखेर तिघे परस्परांशी 120 अंशांचा कोन करून राहतात. त्रिकोणी जाळ्याच्या या अडचणीचे गणित वानिए यांनी 1950 मध्ये मांडले होते. तिला ‘फ्रस्ट्रेशन’ हे नाव तुलूझ यांनी 1977 मध्ये दिले. मराठीत त्यास ‘वैफल्य’ म्हणतात, परंतु त्यात मनाची खिन्नता डोकावते. परस्परविरोधी मागण्यांत सापडलेल्याची ‘कुचंबणा’ होते, आणि येथे नेमके तेच घडते. अशी चुंबकीय रचना उकलण्यास न्यूट्रॉन-शलाका लागते. तुर्भे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीवर (1985) या संयुगांचा अभ्यास झाला आहे.

2002 मध्ये फीबिग आदींनी प्रकाशीय पद्धतीने दाखविले की जेथे विद्युत्-क्षेत्राची भिंत, तेथे चुंबकीय क्षेत्राचीही भिंत असतेच. उलट मात्र नेहमी खरे नाही. 2004 मध्ये ध्रुवणाचे मूळही बदलले. ते मँगॅनीजच्या सरकण्यात नसून ऑक्सिजनचे पिंजरे कलल्याने इट्रियमच्या होणाऱ्या विस्थापनात आहे, असे ठरले. पिंजऱ्यांच्या कलण्याचे तीन प्रकार आणि ध्रुवणाच्या दोन दिशा मिळून सहा क्षेत्रे संभवतात. 2010 मध्ये तशी सहा क्षेत्रे एका बिंदूभोवती पाकळ्यांसारखी मांडलेली प्रत्यक्ष दिसली. त्यांमधील भिंती आतल्या भागाहून कमी वीजवाहक निघाल्या.