रत्नागिरीला मदरबोर्ड कसा यायचा

हापूसची पेटी रत्नागिरीहून मुंबईला कशी जाते, यावर आजवर बरंच लिहून झालंय. त्याच वाटेने उलटं काय यायचं, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी यायच्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गेल्या तीसेक वर्षांत त्याच रस्त्याने आणखी एक माल आला. रॅम, हार्डडिस्क, मदरबोर्ड, एसएमपीएस... कॉम्प्युटरचे सुटे पार्ट! या मालाची गोष्ट सांगताना लोक सहसा भाव कसे उतरत गेले तेच सांगतात. मला त्यात दुसरीच एक गोष्ट दिसते. पार्ट खराब निघाला, तर भुर्दंड कुणी सोसायचा?

सुरुवात अर्थातच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. अधिकृत नाव केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय, पण टॅक्सीवाल्याला अजून जुनंच सांगावं लागतं. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या या रस्त्यावर आधी रेडिओचे सुटे भाग मिळायचे, मग टीव्ही आणि टेपरेकॉर्डरचे, आणि पुढे त्याच अरुंद गाळ्यांमध्ये कॉम्प्युटरचे. सकाळची रेटलिस्ट संध्याकाळी शिळी व्हायची. डॉलर हलला की भाव हलायचा. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, तिथले चिपचे कारखाने बंद पडले आणि रॅम महागली. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि हार्डडिस्कचे भाव भडकले. बँकॉकजवळ पाणी साचलं म्हणून रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला हजार-दोन हजार जास्त मोजावे लागले. आहे की नाही गंमत!

लॅमिंग्टन रोड ते रत्नागिरी हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. पूर्वी पार्सल यायचं ते एसटीने नाहीतर रात्रीच्या खाजगी बसने, घाटातले धक्के खात. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि दुकानदाराचं गणित बदललं. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, दिवसभर खरेदी करायची, पुन्हा रात्रीची गाडी पकडायची आणि सकाळी दुकान उघडायचं. गिऱ्हाईकही वाढत होतं. रत्नागिरीत १९९६ मध्ये फिनोलेक्सचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं होतं. २००२ पासून एमएस-सीआयटी आली आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. ब्रँडेड मशीन परवडत नसे. मग कागदावर कोटेशन लिहून घ्यायचं, चार दुकानं फिरायची आणि असेंबल्ड मशीन बांधून घ्यायचं.

या सगळ्या कोटेशनांवर एकच तक्रार ठरलेली असे. "मुंबईत हेच दोनशे-तीनशेनी कमी मिळतं."

मिळायचं, खरंच मिळायचं. पण त्या जादा पैशांत काय असायचं? वॉरंटीतला मदरबोर्ड गेला, तर तो पुन्हा मुंबईला पाठवावा लागे आणि परत यायला आठवडे लागत. तेवढे दिवस बरेच दुकानदार आपल्याकडचा जुना बोर्ड लावून देत. म्हणजे मुंबईचं अंतर गिऱ्हाईकाच्या वतीने दुकानदार कापत होता, आणि ते दोनशे-तीनशे रुपये त्याचं भाडं होतं.

आणि आपल्याकडे पार्ट जायचेही भरपूर. जून ते सप्टेंबर दमट हवा, त्यात समुद्राचा खारा वारा. रॅमच्या पट्टीवर काळपट थर चढायचा. ती काढून खोडरबराने घासली की मशीन चालू! शिवाय विजेचा खेळ होताच. दाभोळचा वीजप्रकल्प आमच्याच जिल्ह्यात. त्याचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि मे २००१ मध्ये बंदही पडला. पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत इथे यूपीएस ही चैन राहिली नाही, मशीनबरोबरच घ्यायची वस्तू झाली.

पुढचे टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. १९९७ मध्ये भारत जागतिक माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत अशा बहुतेक मालावरचं आयातशुल्क शून्यावर आलं. जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात सुरू झालं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता रत्नागिरीत बसून मुंबईच्याच भावात पार्ट मागवता येतो. हे चांगलंच झालं. बिलाशिवाय माल देणारे, जुना पार्ट नवा म्हणून खपवणारे दुकानदारही होतेच की! छापील किंमत घरबसल्या दिसू लागल्यावर त्यांची चलती कमी झाली.

पण भुर्दंडाचं काय? आता पार्ट खराब निघाला, तर तो खोक्यात भरून परत पाठवायचं काम गिऱ्हाईकाचं. परत करायची मुदत टळली असेल, तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर शोधा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, समोरच्याच्या गावी जावं लागत नाही. ही मोठीच सोय. तरीपण परवा परीक्षा आहे म्हणून आयोग काही आपल्याला जुना एसएमपीएस उसना देणार नाही.

आणखी एक गोष्ट गेली, ती चटकन लक्षात येत नाही. कुठला एसएमपीएस आपल्या व्होल्टेजला टिकतो, कुठल्या बोर्डावर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो, हे दुकानदाराला कसं कळायचं? खराब माल त्याच्याच काउंटरवर परत यायचा म्हणून! गावाचं हे ज्ञान परत आलेल्या खोक्यांतून साठत गेलं होतं. आता ती खोकी कुरिअरवाला उचलतो आणि थेट दूरच्या कुठल्यातरी गोदामात नेतो. बंगलोरच्या वातानुकूलित खोलीत बसून कुणी त्याच पार्टला पाच तारे देतो. खोटं नसतं ते, पण त्याच्या खिडकीतून खारा वारा येत नाही.

भाव मोबाइलवर बघावा, त्यात काहीच गैर नाही. पण गावात दुरुस्तीचं दुकान अजून चालू असेल, तर पार्ट मागवायच्या आधी तिथे जाऊन एक प्रश्न जरूर विचारावा. "हे मॉडेल तुमच्याकडे दुरुस्तीला किती येतं हो?" आणि उत्तर उपयोगी पडलं, तर निदान पुढची रॅम त्याच्याकडून घ्यावी.