कातड्यापासून कापडापर्यंत : केसाळ प्राणिवेषाच्या शिवणकामाचा इतिहास

रंगभूमीचा इतिहास लिहिताना नाटककारांची, नटांची आणि क्वचित पडदे रंगविणाऱ्यांचीही नावे आवर्जून नोंदविली जातात. वेष शिवणाऱ्याचे नाव मात्र सहसा आढळत नाही. आणि सिंह, अस्वल, कुत्रा असा केसाळ वेष ज्याने शिवला, त्याचे तर नाहीच. वास्तविक माणसाच्या देहावर जनावराचे अंग बसविणे हे शिवणकामातील अत्यंत अवघड काम होय. गणेशोत्सवातील बालनाट्यासाठी घरच्या घोंगडीचे अस्वल करून देण्याचा प्रसंग ज्या भगिनींवर आला असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

आपल्या देशातील लोककलावंतांनी ह्या अडचणीतून फार पूर्वीच वाट काढली. त्यांनी जनावराचे अंग शिवले नाही, रंगविले. ओणमच्या चौथ्या दिवशी त्रिशूरला निघणारे पुलिकळीचे वाघ काय किंवा नवरात्रात मंगळूर-उडुपीकडे नाचणारे पिलिवेषाचे वाघ काय, दोन्हीकडे वाघाचे पट्टे उघड्या अंगावरच उमटतात. उष्ण हवेस हेच साजेसे. कथकलीतील हनुमानाचा पांढरा लोकरी अंगरखा हा ह्याला एक लक्षणीय अपवाद.

थंड हवेच्या इंग्लंडात मात्र केसाळ वेष चढवून चार पायांवर चालणारा नट ही नाताळातील नाटकांची ठरलेली गंमत होती. त्या परंपरेतील सर्वांत लोभस पात्र म्हणजे जेम्स बॅरी यांच्या 'पीटर पॅन' नाटकातील नाना. ही मुलांना सांभाळणारी कुत्री. २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा आर्थर लुपिनो हा नट तिच्या वेषात होता. बॅरींच्या घरच्या ल्यूथ नावाच्या कुत्र्यावरून हे पात्र घडविलेले होते. वेष कितीही उत्तम असला तरी आतील माणूस कुत्र्यासारखा वागला नाही तर सारे श्रम वाया जातात, हे त्या काळच्या नाटकमंडळींस पुरते ठाऊक होते.

पुढे चित्रपटाचा कॅमेरा जवळ आला आणि खोटेपणा लपेनासा झाला. १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ऑझ' मधील भित्र्या सिंहासाठी मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने खऱ्या सिंहाचीच कातडी वापरली! तो वेष जवळजवळ मणभर भरत असे, असे सांगतात. रंगीत चित्रणासाठी लागणाऱ्या प्रखर दिव्यांखाली बर्ट लार हा नट त्यात अक्षरशः भिजून निघे. तोंडावर चिकटविलेल्या मुखवट्यामुळे त्याला जेवणाऐवजी नळीने पातळ पदार्थ घ्यावे लागत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच सिंहाच्या एका वेषाला तीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. मेलेल्या सिंहाचे कातडे जिवंत नटावर चढवून भित्रा सिंह उभा करणे, ह्यातील विसंगती त्या वेळी कोणास जाणवली असेल काय?

खरा पालट घडविला तो रसायनशास्त्राने. १९५० च्या सुमारास ॲक्रिलिक तंतू बाजारात आला आणि त्या दशकात त्याची नकली फर निघू लागली. केसाळ कापड वारावर मिळू लागताच प्राणिवेष चित्रपट कंपन्यांच्या कारखान्यातून निघून घरच्या शिवणयंत्रापर्यंत पोहोचला. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे मानवरूपी प्राण्यांच्या चाहत्यांचे संमेलन भरले. आज अशा मेळाव्यांतून दिसणारे वेष, ज्यांना तिकडे 'फरसूट' म्हणतात, ते पुष्कळदा हौशी लोकांनी घरीच शिवलेले असतात. ह्या छंदाची काहीजण चेष्टा करतात. पण त्यामागील कारागिरी पाहिली तर चेष्टा करवत नाही.

आधी जुने कपडे घालून त्यांवरून सर्वांगास चिकटपट्टी गुंडाळावयाची, तिच्यावर शिवणीच्या रेषा आखावयाच्या आणि हे कवच कापून काढावयाचे. त्याचे तुकडे हाच बेतण्याचा नमुना. डोके गादीच्या स्पंजाचे, डोळे जाळीचे. जाळी बाहेरून रंगविलेली असल्याने पाहणाऱ्यास नजर दिसते आणि आतल्यास वाट. फर कापताना कात्री चालवावयाची नाही. कापड उलटे धरून पात्याने केवळ पाठीचे अस्तर चिरावयाचे, नाहीतर केसच तुटतात आणि जोडावर टक्कल पडते. केसांचा ओघ सर्व तुकड्यांवर एकाच दिशेने, डोक्याकडून शेपटीकडे, ठेवावा लागतो. एक बाही उलटी लागली की एकाच जनावराचे दोन रंग दिसू लागतात. शिवताना केस आत दाबून घ्यावयाचे आणि टाके पडल्यावर जोडात अडकलेला एकेक केस सुईने बाहेर ओढावयाचा. ह्या शेवटच्या कामात तासन्तास जातात, पण त्यानेच शिवण दिसेनाशी होते. तोंडावरचे केस मग न्हाव्याच्या यंत्राने बारीक करावयाचे.

इतके होऊनही बर्ट लारला जो उकाडा सोसावा लागला तो अद्याप कोणास चुकलेला नाही. कापड बदलले, पण घाम तोच राहिला. म्हणून हल्ली डोक्याच्या पोकळीत छोटासा विजेचा पंखा बसवितात, अंगात बर्फाच्या पिशव्यांचे जाकीट घालतात, आणि डोळ्यांच्या जाळीतून पायऱ्या नीट दिसत नाहीत म्हणून सोबतीस एक माणूस ठेवतात. तो हात धरून ह्या जनावरास जिना उतरवितो आणि वेळेवर पाणी पाजतो.