झाडीपट्टीचा मान

आपल्या भागाचे नाव निघाले की बाहेरचा माणूस प्रथम जंगल, नक्षलवाद आणि हिवताप यांविषयी विचारतो. एखाद्या सरकारी नोकराची बदली इकडे झाली, तर त्याच्या घरी सुतक आल्यागत होते. ‘शिक्षेची बदली’ हा शब्दच रूढ झाला आहे. आपली शिकलेली मुलेसुद्धा नागपूर-पुण्यास गेली की गावाचे नाव हळू आवाजात सांगतात. म्हणून जीर्णोद्धाराच्या या स्मरणिकेत एक आनंदाची हकीकत नोंदवून ठेवणे अगत्याचे वाटते.

सन २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट श्री. परशुराम खुणे यांस भारत सरकारने पद्मश्री दिली. आठशेहून अधिक भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग, अशी त्यांची सेवा आहे. हा मान एका नटाचा खरा, परंतु त्यात आपल्या रात्र-रात्र जागलेल्या वाडवडिलांचाही वाटा आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही रंगभूमी. दंडार आणि खडी गंमत ही तिची जुनी मुळे. धान कापून झाले, दिवाळी सरली, की मंडई व शंकरपट भरू लागतात आणि रात्री नाटक होते. वडसा येथे नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे. गावोगावचे पंच तेथे जाऊन तारीख ठरवितात. लेक-जावई पाहुणे येतात, सोयरिकीची बोलणीही त्याच गर्दीत होतात. पडदा उशिरा वर जातो आणि घोंगड्या पांघरून बसलेल्या मंडळींना पहाट कधी झाली ते कळत नाही. गाणी नट स्वतः, तेथेच गातात.

सन २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. पट थांबले, पण नाटके थांबली नाहीत. पुढे मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने शर्यतींस मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. अलीकडे काही नाटकांत नाच आणि अचकट विनोद फार वाढला आहे, हेही येथे लिहिले पाहिजे. कौतुकापोटी ते झाकू नये.

नव्या सभामंडपाचा नकाशा ठरताना पुढील पटांगण बांधून घ्यावे, असे काहींचे म्हणणे होते. वृद्ध मंडळींनी हरकत घेतली. समितीने ती मान्य केली असून नाटकाची जागा पूर्वीप्रमाणेच मोकळी राहील.