मंदी आणि खानावळीची वही

श्रोतेहो, मालाचा भाव पडला म्हणजे आठवडी बाजारातली भज्याची कढई लवकर उतरते, हे तुम्ही पाहिलंच असेल. घरी भाकरी असताना हॉटेलची पायरी कोण चढणार? ते खाणं हौसेचं. हात आखडला की हौस आधी सुटते. पण बाहेरचं सगळंच जेवण हौसेचं नसतं. ज्याची चूल शंभर कोसांवर राहिली, त्याला कमाई बुडाली तरी दोन वेळा जेवावंच लागतं. अशा माणसाचं जेवण मंदीत कसं चालतं, आणि त्याची झळ शेवटी कोणाला बसते? मुंबईच्या गिरणगावाच्या इतिहासात याचं उत्तर सापडतं.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ साली तिचं काम सुरू झालं. पुढे लालबाग, परळ, वरळी, नायगाव या भागांत गिरण्यांची धुराडी दाटीने उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून गडीमाणसं मुंबईला गेली. बायकापोरं बहुधा गावीच राहिली. एका गावची दहा-वीस माणसं एका खोलीत राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. त्या खोलीत चूल कोण पेटवणार? म्हणून चाळीतली एखादी बाई, कुणी विधवा, कुणी गिरणीकामगाराचीच बायको, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस माणसं जेवू घालू लागे. हीच खानावळ. तिला पाटी नसे, गल्ला नसे. असे ती फक्त एक वही.

ही वही नीट समजून घेतली पाहिजे. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तो हाती पडे पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास. १९३६ च्या पगारवाटप कायद्याने यावर मर्यादा घातली. हजारांहून कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहा तारखेच्या आत पगार द्यावा, असं ठरलं. आता हिशेब करा. पहिल्या तारखेला कामावर लागलेला माणूस पहिला पगार घेईपर्यंत चाळीसेक दिवस, म्हणजे दोन वेळची ऐंशी जेवणं, उधारीवर जेवे! गावाला गेला तर तितके खाडे वजा होत, एवढंच. बाई माल आणी तो वाण्याकडून, तोही उधार. तेव्हा खानावळ ही नुसती जेवणाची जागा नव्हती. ती बिनकागदाची पतपेढी होती, आणि तिचं भांडवल म्हणजे त्या बाईची वाण्याकडची पत.

चांगल्या दिवसांत हे रहाटगाडगं फिरत राही. ते अडे वाईट दिवसांत. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत संप चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली. गिरण्यांनी पगार कापले, काही बंद पडल्या, आणि १९३४ मध्ये पुन्हा मोठा संप झाला. त्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळून शेतकरी नागवला गेला. म्हणजे धान्य स्वस्त होतं. पण ज्याला मजुरीच नाही, त्याला स्वस्ताई काय कामाची? पुष्कळ कामगार गावी परतले, तर गावातही पैसा नव्हता. त्यांची बाकी वहीत तशीच राहिली.

इथे हॉटेल आणि खानावळ यांच्यातला फरक ध्यानात येईल. रोखीच्या हॉटेलात मंदी आली, तर गिऱ्हाईक जेवणाऐवजी चहा-पावावर भागवतं, किंवा येतच नाही. मालक माल कमी भरतो, एखादा पोऱ्या कमी करतो. खानावळीत माणूस येतो, पाटावर बसतो, पोटभर जेवतोही. येत नाही तो पैसा. मग बाई त्याला उठवत का नाही? एक तर तो तिच्या तालुक्यातला, ओळखीतला असतो. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. त्याचं पान बंद केलं, तर तो दुसरीकडे जाईल आणि मागची बाकीही बुडेल. जुनी उधारी वसूल व्हावी म्हणून नवी उधारी द्यायची, असा हा पेच.

मग ती काय करी? दागिना गहाण टाकी, नाहीतर पठाणाचं कर्ज काढी. रुपयाला महिना एक आणा व्याज म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. दोन आणे घेणारेही होते. कामगाराचं पोट भरलेलं राही, आणि मंदीची किंमत त्या बाईच्या अंगावरून उतरे. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत, गिरणीमालकांची आहेत. या बायकांची नावं त्यांच्या वह्यांबरोबरच गेली.

१९७५ साली यात एक पालट झाला. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ सुरू केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बाईलाही वाजवी व्याजाने पैसा मिळू शकतो, हे त्यातून दिसलं.

पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापुढे वहीही पुरी पडली नाही. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. अनेक गिरण्या कायमच्या गेल्या. पूर्वी उधारी बुडे तरी गिऱ्हाईक राही. आता गिऱ्हाईकच नाहीसं झालं. मंडळाच्या बायका कचेऱ्यांना जेवण पुरवण्याकडे वळल्या. काम गेलेल्या कितीतरी जणांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. कालपर्यंत पाटावर जेवणारा माणूस आज रस्त्यावर रोखीने विकायला उभा राहिला!

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. २६ जानेवारी २०२० रोजी राज्य शासनाने दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि थाळी पाच रुपयांवर आणली गेली. शहरात त्या थाळीची किंमत धरली होती पन्नास रुपये, ग्रामीण भागात पस्तीस. वरची रक्कम केंद्रचालकाला सरकारने द्यायची होती. गिरणगावात जो फरक एकट्या बाईने सोसला, तो इथे सर्वांच्या तिजोरीतून भरायचं ठरलं.

सारांश, मंदीत पान वाढलं गेलं, एवढं पाहून भागत नाही. त्या पानाचा खर्च कोणी उचलला, हेही विचारलं पाहिजे. शिक्षक बंधु-भगिनींना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात मुंबईच्या गिरणीत राबलेले आजोबा असतील. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. ते कोणत्या खानावळीत जेवत, वाढणाऱ्या बाईचं नाव काय, संपात किती बाकी राहिली आणि ती कशी फिटली, हे मुलांनी विचारून लिहून आणावं. त्या बाईचं नाव निदान एका शाळेच्या वहीत तरी उतरेल.