चित्रातले जहाज पाण्यात उतरते तेव्हा

शेलूबाजारच्या वर्गात शिडाच्या जहाजाविषयी शिकवणे सोपे नाही. वाशिम जिल्ह्यातले हे गाव समुद्रापासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर. मुलांनी शीड पाहिलेले असते ते बहुधा चित्रातच. मात्र आपल्या देशातले शिडाच्या जहाजाचे एक फार जुने चित्र थेट वाशिमच्या इतिहासाशी जोडलेले आहे.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशिमलाच सापडलेल्या ताम्रपटात हे नाव आले आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेचा राजा होता हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवून घेतले, असे तिथला लेख सांगतो. दुसऱ्या लेण्यातली चित्रेही अनेक अभ्यासक साधारण याच काळातली मानतात. तिथे पूर्णाची कथा रंगवली आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. त्याच्या भावाचे संकटात सापडलेले जहाज या चित्रात दिसते: उंच डोलकाठ्या, उंच अरुंद शिडे, पुढच्या टोकाला रंगवलेला डोळा, मागे सुकाणूची वल्ही आणि ओळीने ठेवलेले घडे.

आता एक प्रश्न. एवढ्या माहितीवर जहाज बांधता येईल का?

२०२३ साली हा प्रयोग सुरू झाला. केंद्राचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात जुलैमध्ये करार झाला. सप्टेंबरमध्ये जहाजाच्या कण्याची लाकडे बसवली गेली. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या साथीदारांनी फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोराने एकमेकींना शिवल्या. सुमारे २० मीटर लांबीचे हे जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरले.

पण पाण्यात उतरलेले जहाज प्रवासाला तयार असतेच असे नाही. खरी परीक्षा डोलकाठ्या, दोर आणि शिडे चढवताना सुरू होते. चित्रकाराला कथा सांगायची होती, जहाजाचा नकाशा द्यायचा नव्हता. पाण्याखालचा भाग कसा होता, डोलकाठी तळाशी कशात रोवली होती, कोणता दोर कुठे बांधला होता, यांची उत्तरे भिंतीवर नाहीत. जुने आराखडेही उरलेले नाहीत. ती उत्तरे विज्ञानाच्या मदतीने शोधावी लागतात.

डोलकाठीचेच पाहा. वारा शिडाला ढकलतो तो उंचावर, पण काठी धरलेली असते खाली. म्हणजे ती एक लांब तरफच झाली. वारा दुप्पट वेगाने वाहू लागला तर शिडावरचा जोर साधारण चौपट होतो. म्हणून काठीला दोन्ही बाजूंनी आणि पुढे-मागे दोरांचे ताण द्यावे लागतात. नवा दोर ताणाखाली लांबतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा आवळावा लागतो. शीड बांधलेला आडवा वासा, ज्याला परबाण म्हणतात, तो वर चढवण्याचे दोर वेगळे आणि शीड वाऱ्याच्या दिशेने वळवण्याचे दोर वेगळे. यातला एक दोर जरी अडकला, तरी अचानक वारा वाढल्यावर शीड वेळेत उतरवता येत नाही.

जहाजाच्या तोलाचाही विचार करावा लागतो. आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने प्रतिकृतीवर चाचण्या करून हे जहाज पाण्यात कसे वागेल ते तपासले. लाकडी डोलकाठ्यांची मजबुती नौदलाने स्वतः तपासली. २१ मे २०२५ रोजी कारवारला जहाज नौदलात दाखल झाले आणि त्याला 'कौंडिण्य' हे नाव मिळाले. पुढे २९ डिसेंबरला पोरबंदरहून ते पहिल्या समुद्रपार प्रवासाला निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानच्या मस्कतला पोहोचले.

हा हंगाम का निवडला असेल? चौकोनी शीड पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर उत्तम चालते. समोरच्या वाऱ्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येकडून वारे वाहतात. पूर्वीचे व्यापारीही याच वाऱ्यांवर पश्चिमेला जात आणि नैऋत्य वाऱ्यांवर परतत.

वर्गात हे करून पाहता येईल. लाकडाच्या हलक्या फळीत मधोमध काडी रोवा, कागदाचे शीड लावा आणि परातीतल्या पाण्यात फळी सोडून बाजूने फुंकर मारा. ती कलंडेल. आता खालच्या बाजूला मधोमध एखादा मोठा खिळा किंवा लोखंडी पट्टी घट्ट बांधून पुन्हा फुंका. शीड आधी खाली आणि मग वर बांधून फरक मोजा. कोणते शीड लवकर कलंडवते, का, हे मुलांनाच सांगू द्या.

शेवटी इतिहासाच्या शिक्षकासाठी महत्त्वाची गोष्ट. 'कौंडिण्य' मस्कतला पोहोचले म्हणून अजिंठ्यातले जहाज नेमके असेच होते, हे सिद्ध होत नाही. शिवलेले, चौकोनी शिडांचे जहाज हा समुद्र ओलांडू शकते, एवढे मात्र सिद्ध होते. 'असे होते' आणि 'असे असू शकते' यांतला फरक मुलांना कळला, तर ती पुरावा वाचायला शिकली असे समजावे. वत्सगुल्माच्या राजांच्या काळातले ते चित्र आजही आपल्याला हेच शिकवते आहे.