आळा: भाऱ्याचा बंद

भ्रष्टाचाराला आळा, साथीला आळा, उधळपट्टीला आळा. वर्तमानपत्रात हा शब्द रोज भेटतो. पण आळा ही हातात धरायची वस्तू आहे, हे शहरात वाढलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते. मोल्सवर्थसारखे जुने कोश आधी वस्तूच सांगतात: भारा आवळायला गवताचा केलेला बंद. मर्यादा, दाब हा लाक्षणिक अर्थ त्यानंतरचा.

शहापूर-मुरबाड रस्त्यावर भातसा नदीच्या काठी सापगाव आहे. भोवतालचा सगळा मुलूख भाताचा, आणि हा बंद तिथल्या कापणीतला. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते. कापलेले भात शेतातच पसरून वाळवतात आणि भारे बांधतात ते सकाळी, दंव असताना. उन्हात काडी कडक होऊन मोडते, दाणाही झडतो. दोन मुठी पेंढ्याची टोके एकमेकांत अडकवून पिळली की बंद तयार. तो जमिनीवर आडवा टाकायचा, वर भात रचायचे, गुडघ्याने दाबून दोन्ही टोके ओढायची, एकत्र पिळायची आणि तो पीळ बंदाखाली खुपसायचा. गाठ मारायची नाही.

आळा म्हणजे दोर नव्हे. दोराचे पेड एका दिशेने पिळतात आणि मग ते एकमेकांवर उलट दिशेने वळतात. म्हणून दोर सुटा ठेवला तरी उलगडत नाही. आळ्याला एकच पीळ. मोकळा टाकला की तो सैलावतो. त्याला जागेवर धरतो तो भाराच: दाबलेले भात बाहेर रेटते आणि त्या रेट्यानेच खुपसलेले टोक पक्के बसते. बांधलेल्या वस्तूचेच बळ बंदाला लावणारी ही युक्ती मला दोर वळण्याइतकीच मोलाची वाटते. खळ्यावर टोक उपसले की भारा मोकळा होतो.

लाकूडफाट्याच्या मोळीला पेंढा पुरत नाही. तिथे जंगलातली केवणीची, म्हणजे मुरुडशेंगेची, चिवट साल लागते.

आता भाऱ्यांना नायलॉनची दोरी आली. ती टिकते, पुन्हा वापरता येते, वेळही वाचतो. पण पेंढ्याचा बंद गुरे वैरणीसोबत खाऊन टाकत. नायलॉनचा तुकडा गाईच्या पोटात अडकून राहतो आणि तिच्या जिवावर बेततो.

या बंदाला खोऱ्याखोऱ्यात वेगळे नाव असेल. कापणीला गावी गेलात, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ते नाव लिहून घ्या आणि बंद स्वतःच्या हाताने पिळायला शिका.