नायगाराकाठची राख

नायगारा म्हटले की आपल्यासमोर धबधबा उभा राहतो. मी इतिहासाचा मास्तर. मला त्या नदीकाठची जळालेली गावे आधी दिसतात. नदीच्या एका तीरावर अमेरिका, दुसऱ्यावर ब्रिटिशांचा कॅनडा. १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा कॅनडा घेणे म्हणजे नुसते चालत जाणे, असे जेफरसनसारख्या जाणत्यालाही वाटत होते.

तो भ्रम लवकरच फिटला. १६ ऑगस्टला जनरल हलने डेट्रॉइट ब्रिटिश सेनापती ब्रॉक आणि शॉनी नेता टेकुमसे यांच्या हवाली केले. १३ ऑक्टोबरला क्वीन्स्टन हाइट्सला ब्रॉक पडला, तरी हरले अमेरिकनच. न्यूयॉर्कच्या मिलिशियातील, म्हणजे हंगामी नागरी फौजेतील, शेकडो जणांनी नदी ओलांडायलाच नकार दिला. परमुलखात लढणे आमच्यावर बंधनकारक नाही, हा त्यांचा कायद्याचा मुद्दा. पलीकडून जखमींनी भरलेल्या नावा येताना पाहून तो अधिकच पटला असावा!

पण तो मुलूख परका तरी किती? अप्पर कॅनडातले बरेच शेतकरी जमिनीच्या ओढीने अमेरिकेतूनच आलेले. सोयरेधायरे दोन्ही तीरांवर. अशा लोकांना 'तुम्ही नक्की कुणाचे?' असे दरडावून विचारले जाते, तेव्हा काय होते हे सीमाभागातल्या वाचकांना मी काय सांगावे! तिथल्या विधिमंडळाचा सदस्य जोसेफ विलकॉक्स १८१३ मध्ये अमेरिकनांना मिळाला. १० डिसेंबरला अमेरिकन सेनापती मॅक्लूरने माघार घेताना न्यूअर्क गाव जाळले, त्यात विलकॉक्सची माणसे होती. शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांची घरे पेटवली. बायकापोरे बर्फात उघड्यावर पडली. ब्रिटिशांनी सूड घेतला: आधी फोर्ट नायगारा घेतला, लुइस्टन जाळले, ३० डिसेंबरला बफलो.

१८१४ च्या जुलैत चिपवाला इरोक्वा लोकांचे भाऊबंद एकमेकांसमोर लढले. पुढे दोन्हीकडच्या बहुतेकांनी अंग काढून घेतले. त्याच महिन्यात अँकॅस्टरच्या खटल्यांतील आठ जणांना राजद्रोहाबद्दल फाशी झाली. २५ तारखेला लंडीज लेनला रात्रीच्या अंधारापर्यंत लढाई चालली. दोन्हीकडचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांच्या वर गेले.

२४ डिसेंबर १८१४ च्या घेंट तहाने सीमा युद्धापूर्वी होती तिथेच ठेवली. १८१५ च्या मे महिन्यात फोर्ट नायगारा अमेरिकनांना परत मिळाला. आपल्या लोकांच्या भूमीसाठी झगडणारा टेकुमसे मात्र ५ ऑक्टोबर १८१३ लाच लढाईत पडला होता, आणि आदिवासींसाठी वेगळा मुलूख राखण्याची मागणी ब्रिटिशांनी तहाच्या वाटाघाटींतच सोडून दिली.